मियागाम करजणचा टू बीएचके आणि सकाळची मेमू: वर्षभर राहून लिहिते आहे

आधीच सांगून टाकते, घर वाईट नाही. तिसरा मजला, पूर्वेची गॅलरी, समोरासमोर खिडक्या असल्यामुळे वारा खेळता, आणि लिफ्ट बंद पडली तर दुसऱ्या दिवशी सुरू होते. चार स्टार देऊन मोकळी झाले असते. पण हे घर बडोद्यात नाही, तिथून तीसेक किलोमीटरवर मियागाम करजणला आहे, आणि आमच्या चौघांपैकी तिघांचा दिवस बडोद्यात जातो. त्यामुळे घराबद्दल लिहायचं म्हणजे गाडीबद्दल, मेमू नावाच्या जवळच्या अंतराच्या विजेवरच्या पॅसेंजरबद्दल, लिहिणं आलं. प्रकल्पाचं आणि बिल्डरचं नाव देत नाही. पुढे तक्रारी आहेत, आणि पादरा, वाघोडिया, सावली, कुठल्याही बाजूला गेलात तरी थोड्याफार फरकाने हेच सापडेल.

ऑगस्ट २०२४ पर्यंत आम्ही अकोट्याच्या पुढे, नदीच्या अंगाला, तळमजल्यावर भाड्याने राहत होतो. भाडं साडेनऊ हजार, नळाला महापालिकेचं गोड पाणी, घरमालक सज्जन. मी रावपुऱ्यात औषधांच्या होलसेल एजन्सीत हिशेब बघते, स्कूटीवर वीस मिनिटं. नवरा मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, पंचवीस मिनिटं. लेकीचं कॉलेज म्हणजे सयाजीगंजातली एम. एस. युनिव्हर्सिटीची कॉमर्स फॅकल्टी, तेही वीस मिनिटांवर. मग विश्वामित्री आली. तिची धोक्याची पातळी २६ फूट, त्या आठवड्यात ती ३५ फुटांच्याही वर गेली. आम्ही वरच्या मजल्यावरच्या पटेलकाकींकडे दोन रात्री काढल्या. फ्रिज, वॉशिंग मशीन, नवऱ्याची बाइक, लेकीची पुस्तकं, सासूबाईंची लाकडी पेटी, सगळं गेलं. पाणी ओसरल्यावर पहिला माणूस घरात गेला तो हातात काठी घेऊन. बडोद्यात पूर आला की पाण्याइतकीच धास्ती मगरीची असते. मगर नव्हती. चिखल मात्र गुडघाभर होता, आणि तो वास दिवाळीपर्यंत गेला नाही.

त्या चिखलात उभं राहूनच ठरलं: आता वरचा मजला, आणि स्वतःचा.

घरं बघायला लागलो तेव्हा कळलं की आपण दहा वर्षं उशिरा आलो. भायली, सेवासी, बिल ही आमच्या लग्नाच्या वेळी शेतं होती. २०२० मध्ये त्यांच्यासह सात गावं महापालिकेत घेतली आणि तिथल्या भावांचं नाव काढायची सोय उरली नाही. मांजलपूरला एक टू बीएचके मनापासून आवडला. जुनी इमारत, पण बाजार पायाखाली आणि नवऱ्याची जीआयडीसी जवळ. मालकाने ४२ लाख सांगितले. बँकेतल्या मुलाने आमच्या दोघांच्या पगाराच्या स्लिपा बघितल्या, मग पुन्हा बघितल्या, आणि पाणी मागवलं. आमच्यासाठी.

तेव्हा नवऱ्याच्या कंपनीतल्या एका अप-डाउनवाल्याने करजणचं नाव काढलं. गुजरातेत रोज गाडीने ये-जा करणाऱ्याला अप-डाउनवाला म्हणतात. आमच्या घरात हा शब्द तोवर थोडा कीव करून वापरला जायचा.

सेल्स ऑफिसमधला मुलगा गोड बोलायचा. "स्टेशनथी पाँच मिनिट, बेन." ही पाच मिनिटं कसली ते मी नंतर मोजलं. पावणेदोन किलोमीटर, माझ्या चालीने बावीस मिनिटं, रिक्षा मिळाली तर सहा. माहितीपत्रकावर "बडोदा फक्त २५ मिनिटांवर" असंही छापलं होतं. रविवारी पहाटे मोटारीने, वाटेत कुठे न अडता, कदाचित. ज्याला आम्ही अजून आठ नंबरचा हायवे म्हणतो आणि सरकार ४८ नंबरचा म्हणतं, त्यावर जांबुवा आणि पोरजवळचे पूल रस्त्यापेक्षा अरुंद आहेत. तिथे ट्रक एकामागे एक लागले की एस.टी.तल्या माणसाने डबा उघडून जेवायला हरकत नसते.

किंमत १९ लाख ५० हजार. इथे एक गोष्ट आम्ही बरी केली. इमारतीला बी.यू. परवानगी मिळालेली होती, म्हणजे बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला. त्यामुळे जीएसटीचा प्रश्न आला नाही. दस्तावेज फक्त माझ्या नावावर केला, कारण गुजरातेत घर बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर एक टक्का नोंदणी फी माफ असते. स्टॅम्प ड्यूटी ४.९ टक्के मात्र सगळ्यांना सारखी. साडेएकोणीस हजार वाचले. नवरा अजून पाहुण्यांना सांगतो, "मी हिच्या घरी राहतो." पहिल्या दोन वेळा हसू आलं होतं.

दलालाने "व्याजावर टॅक्स वाचेल" असंही लोणी लावलं होतं. नव्या करप्रणालीत स्वतः राहत्या घराच्या व्याजावर वजावटच नाही, आणि माझा पगार २२ हजार; वाचवायला कर असावा तर लागतो ना.

आता घराविषयी. जाहिरातीत १,०८० चौरस फूट. ते सुपर बिल्टअप, म्हणजे त्यात जिना, लिफ्ट, गेटवरची वॉचमनची खोली आणि बहुधा वॉचमनची खुर्चीसुद्धा धरलेली. रेराच्या, म्हणजे बिल्डरांवरच्या कायद्यामुळे करारात कार्पेट, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, लिहावीच लागते, ती निघाली ६१०. हा आकडा आम्ही आधी विचारला होता म्हणून धक्का बसला नाही. शेजाऱ्यांनी विचारला नव्हता. त्यांचं मोठं कपाट अजून पार्किंगमध्ये प्लॅस्टिक पांघरून उभं आहे.

पाणी ही खरी तक्रार. सोसायटीची बोअर आहे, आणि पाणी खारं. मी एकदा तपासून घेतलं, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, १,४०० च्या आसपास. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक ५०० चं आहे; दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे कागदोपत्री पिण्याजोगं, प्रत्यक्षात त्यात तुरीची डाळ शिजत नाही. आरओ बसवला, त्याच्यातून वाया जाणारं पाणी बादलीत धरून फरशी पुसते. गिझरची कॉइल दहा महिन्यांत पांढरी होऊन मेली. नळांच्या तोंडावर मिठागर. घर बघायला जाल तेव्हा दिवाणखान्याचे फोटो काढण्याआधी बाथरूमचा जुना नळ बघा. सॅम्पल फ्लॅटमधला नव्हे, वॉचमनच्या मोरीतला.

दुसरी तक्रार जमिनीची. हा सगळा कानम, कापसाची काळी जमीन. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भेगा पडतात. पार्किंगच्या फरश्या पहिल्याच पावसाळ्यात वरखाली झाल्या आणि कंपाउंडच्या भिंतीला जिन्यासारखी तिरकी भेग गेली. मुख्य इमारतीला काही झालेलं नाही, पाया खोल आहे म्हणतात. जुलैत आमच्या बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीला ओल आली. सेल्स ऑफिसमधला तो गोड मुलगा तोवर दुसऱ्या साइटवर गेला होता. मी फोन करणं बंद केलं आणि लेखी दिलं: ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत असा दोष दाखवला तर तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा, रेराचं कलम १४. कलमाचा आकडा लिहिल्यावर माणसं आली. एकेचाळिसाव्या दिवशी. पण आली आणि काम बरं करून गेली.

हे सगळं धरून घराला साडेतीन देईन. पाणी गोड असतं तर चार.

आता गाडी.

मियागाम करजणहून बडोद्याकडे निघालं की काशीपुरा सरार, इटोला, वरणामा, मकरपुरा, विश्वामित्री आणि मग बडोदा. अंतर तीसेक किलोमीटर. मेमू वेळेवर असली की चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. सेकंड क्लासचा महिन्याचा पास तीनशेच्या आत. तीन महिन्यांचा काढला तर तिप्पट नाही, २.७ पट पैसे पडतात. मोबाइलवर निघतो, खिडकीवर रांग लावावी लागत नाही. लेकीचा पास फुकट. मुलींना पदवीपर्यंत घर ते कॉलेज सेकंड क्लासचा पास रेल्वे विनामूल्य देते. कॉलेजचा शिक्का आणि दोन फेऱ्या लागल्या, एवढंच. बडोद्यात एवढ्या पैशांत स्कूटीची टाकी एकदा धड भरत नाही.

पण ही मुंबईची लोकल नव्हे. एक गेली की पाच मिनिटांत दुसरी, असं इथे नसतं. एक गेली की तास गेला समजायचं, कधी त्याहून जास्त. आणि हा मुंबई-दिल्लीचा मुख्य मार्ग. मागून राजधानी, वंदे भारत, कोण कोण येत असतं, आणि त्यांच्यापुढे आमची मेमू म्हणजे लग्नघरातला लांबचा नातेवाईक. तिला इटोल्याला बाजूला घेतात. आपण खिडकीतून बाभळी बघायच्या. मग एकदम धाडकन काहीतरी पांढरं जातं, डबा हलतो, आणि कोणीतरी म्हणतं, "गई." यात दहा मिनिटं जातात तशी पस्तीसही गेलेली आहेत. पास सुपरफास्टला चालत नाही, त्याचा अधिभार वेगळा भरावा लागतो. आरक्षित डब्यात तर पासवाल्याने चढूच नये. पहिल्या महिन्यात मी एकदा चढले. टीसीने दंड केला नाही, पण ज्या आवाजात "बेन, भणेला लागो छो" (ताई, शिकलेल्या दिसता) म्हणाला, त्यापेक्षा दंड बरा होता.

डब्यात जागा मिळते का? करजणला मिळते, वरणाम्यानंतर उभं राहावं लागतं. जीआयडीसीवाल्यांचे ठरलेले कोपरे आहेत. रुमाल टाकलेला असतो, त्यावर पत्ते. बायकांच्या डब्यात पहिले पंधरा दिवस मला कोणी विचारलं नाही. सोळाव्या दिवशी पालेजहून येणाऱ्या एका शिक्षिकेने पाय आवरले आणि म्हणाली, "बेन, बेसो ने." आता माझीही जागा आहे. सकाळच्या गाडीत मी डोळे मिटते. संध्याकाळी एजन्सीच्या वसुलीची यादी फोनवर बघते, किंवा भाजी निवडते. मेथी गाडीत निवडायची, गवार नाही. गवारीच्या शिरा डब्यात पसरतात आणि मग सगळ्या बघतात.

बडोद्याला उतरल्यावर शटल रिक्षा, रावपुऱ्यापर्यंत वीस रुपये, मागे तिघं आणि पुढे ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून चौथा. घरच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत मला एक तास पंचवीस मिनिटं लागतात. पूर्वी वीस.

मी हिशेबनीस आहे, तेव्हा हे वहीत मांडलं. मांजलपूरच्या घरासाठी ३५ लाख कर्ज काढावं लागलं असतं: साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षं, हप्ता ३०,४०० च्या आसपास. करजणच्या घराला १५ लाख काढलं, हप्ता १३ हजार. फरक १७,४००. प्रवासाचा खर्च पूर्वी तिघांच्या पेट्रोलचा १,८०० होता. आता पास, माझी शटल, स्टेशनवरचं पार्किंग आणि नवऱ्याच्या दुसऱ्या पाळीचं पेट्रोल मिळून ३,००० होतो. वाढ १,२००. म्हणजे महिन्याला १६,२०० वाचले. आता वेळ. माझे महिन्याला ५४ तास जास्त जातात, नवऱ्याचे २१, लेकीचे ३२. एकूण १०७. भागाकार केला तर ताशी दीडशे रुपये. माझ्या पगाराचा असाच भागाकार केला तर ताशी शंभर येतात. म्हणजे मी रावपुऱ्यात बसून जेवढं कमावते त्यापेक्षा इटोल्याला अडकून जास्त कमावते.

हा हिशेब मी डब्यातल्या शिक्षिकाबाईंना दाखवला. त्यांनी वही हातात घेतली, वाचली आणि विचारलं, "पण तुम्हाला ३५ लाख कोण देत होतं?"

खरंच. ज्या घराशी मी तुलना करत होते ते आम्हाला मिळणारच नव्हतं. ते १६,२०० आमच्या हातात कधी नव्हते, म्हणून वाचलेही नाहीत. खरी तुलना साडेनऊ हजारांच्या भाड्याशी करायला हवी. हप्ता १३ हजार, सोसायटीचा मेंटेनन्स १,२००, प्रवासाची वाढ १,२००, १५,४०० झाले. भाड्यापेक्षा महिन्याला ५,९०० जास्त, आणि वर १०७ तास. ते तास आणि ते पैसे देऊन वीस वर्षांनी ६१० चौरस फूट आपलं, आणि नदी तिसऱ्या मजल्यावर येत नाही. हा व्यवहार वाईट नाही. पण तो "स्वस्त घर" नाही. इथल्या जाहिराती हा दुसरा हिशेब कधी मांडत नाहीत, आणि खरं सांगायचं तर आम्हीही घर घेताना मांडला नव्हता.

आणि १०७ तास एका गठ्ठ्यात मोजले ही माझी दुसरी चूक. ते चौघांच्या वाट्याला सारखे आलेले नाहीत.

नवऱ्याला विचाराल तर पाच स्टार. तो मकरपुऱ्याला उतरतो, स्टेशनवर जुनी सायकल ठेवली आहे, दहा मिनिटांत कंपनीत. त्याला बडोद्यात शिरावंच लागत नाही. फक्त महिन्यातले बारा दिवस दुसरी पाळी असते. ती रात्री साडेअकराला सुटते आणि त्या वेळेला सोयीची गाडी नाही. मग बाइक, आठ नंबरचा हायवे, ट्रक. ते बारा दिवस मी साडेबाराला गेटचा आवाज आला की झोपते. हे कुठल्या रकान्यात लिहायचं मला अजून सुचलेलं नाही. तो म्हणतो, "उगाच जागू नकोस." मी म्हणते, "मी कुठे जागते, पाणी भरत होते."

लेकीला कॉलेज स्टेशनपासून चालत आहे. त्यामुळे सकाळी तिची तक्रार नाही. शहरात राहणाऱ्या मैत्रिणींपेक्षा ती आधी पोचते. तिचा प्रश्न संध्याकाळी सुरू होतो. लेक्चर संपल्यावर कोणी सेव-उसळ खायला चाललं, कोणी कमाटीबागेत बसलं, की ही घड्याळ बघते. आणि मग नवरात्र. बडोद्याच्या मुलीला नवरात्रात नऊ वाजता घरी चल म्हणणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळणार नाही. तिथे त्या वेळेला कुठे गरब्याला रंग चढायला लागतो. गेल्या वर्षी नऊही रात्री ती माझ्या बहिणीकडे वाडीत राहिली, चणियाचोळीच्या दोन पिशव्या घेऊन. दसऱ्याला परत आली तेव्हा म्हणाली, "आई, मावशीकडे राहून कॉलेज करू का?" मी नाही म्हटलं. नंतर वाटलं, फार पटकन म्हटलं. तिचे अडीच स्टार, असं तिनेच सांगितलं आहे.

सासूबाई या १०७ तासांत कुठेच नाहीत, कारण त्या प्रवास करत नाहीत. हाच त्यांचा प्रश्न. त्यांचा जन्म दांडिया बाजारातला, लग्न होऊन गेल्या त्या रावपुऱ्यात, चौऱ्याहत्तर वर्षांत सुरसागर तलावापासून तीन किलोमीटरच्या बाहेर राहिल्या नव्हत्या. अकोट्यालासुद्धा त्या "गावाबाहेर" म्हणायच्या, पण तिथून रिक्षा करून गुरुवारी भजनी मंडळाला जाता येत होतं. मंडळातल्या तिघी, पेटी वाजवणाऱ्या काकू, गणपतीतली अथर्वशीर्षाची आवर्तनं, भाजणी दळून देणारी गिरणी, कुंकवाचं ठरलेलं दुकान, सगळं तिथे. इथे त्यांना सोसायटीतल्या बायका "बा" म्हणतात, प्रेमाने वागवतात, ढोकळा आणून देतात. पण मराठीत भांडायला इथे त्यांना माझ्याशिवाय कोणी नाही. आमच्या सोसायटीत मराठी घरं दोन, त्यातलं एक आम्ही.

रागावल्या की त्या इतिहास काढतात. १८६२ साली खंडेराव महाराजांनी डभोई ते मियागाम अरुंद रुळांची रेल्वे काढली. गाड्या आधी बैल ओढायचे, इंजिनं नियमित धावायला लागली ती नंतर. हे त्यांच्या वडिलांनी त्यांना सांगितलेलं. "खंडेरावांचे बैलसुद्धा इथून डभोईला परत जायचे," मला म्हणाल्या, "मला मात्र तू इथेच बांधून ठेवलंस."

मी वाईट वाटून घेतलं नाही असं नाही. आता दर दुसऱ्या गुरुवारी त्यांना माझ्याबरोबर सकाळच्या गाडीने नेते. ज्येष्ठांची तिकिटातली सवलत २०२० मध्ये गेली ती आली नाही, पण पॅसेंजरचं तिकीट काही जड नाही. जड आहे तो फलाटावरचा पूल. त्या दोन वेळा थांबतात, दुसऱ्यांदा थांबल्या की "गाडी बघते आहे" म्हणतात. बायकांच्या डब्यात त्यांना खिडकी मिळते; तेवढी माझ्या शिक्षिकाबाईंची सत्ता आहे. दिवसभर माझ्या बहिणीकडे, दुपारी भजन, संध्याकाळी मी ऑफिसातून निघून त्यांना घेते. परतीच्या गाडीत त्यांच्या मांडीवर भाजणीची गरम पिशवी असते आणि सगळ्या डब्याला वास सुटतो. त्या दिवशी इटोल्याला गाडी अडली तरी त्या काही बोलत नाहीत.

माझं स्वतःचं? माझं मत वारावर अवलंबून आहे. सोमवारी सकाळी दोन. पाऊस जोराचा असेल आणि अकोट्याच्या जुन्या शेजारणीने ग्रुपवर नदीच्या पातळीचा फोटो टाकला असेल, तर पाच. सरासरी काढायला सांगाल तर साडेतीन, पण तशी सरासरी आमच्या घरात कोणीच जगत नाही.

हे लिहायचं कारण असं की आमच्या ऑफिसातल्या एका मुलाचं दिवाळीनंतर लग्न आहे आणि त्याने करजणला आमच्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या सोसायटीत फ्लॅट बघितला आहे. "ताई, घेऊ का?" म्हणून रोज विचारतो. होणारी बायको फतेगंजच्या एका क्लिनिकमध्ये, सुटायची वेळ रात्री आठ. मी त्याला म्हटलं, ब्रोशर माझ्याकडे आणू नकोस, आधी पास काढ. घर न घेता महिनाभर ये-जा कर. रविवारी नाही, कामाच्या दिवशी. आणि निदान चार दिवस तिलाही घेऊन, तिच्या वेळेला, आठ वाजता क्लिनिकमधून निघून. एकदा मुद्दाम गाडी चुकव आणि पुढची येईपर्यंत फलाटावर बस. एकदा एस.टी.ने जांबुव्यावरून जा. साइटवर गेलास की वॉचमनच्या मोरीतल्या नळाचं पाणी बाटलीत भरून आण, मी तपासून देते. आणि भाड्याशी हिशेब कर, स्वप्नातल्या घराशी नको.

परवा त्याने पास दाखवला. तीन महिन्यांचा स्वस्त पडतो हे मी त्याला सांगितलं होतं. त्याने एक महिन्याचाच काढला आहे.